कंटेनरचं किंवा चाकांवरचं घर नाशिकमध्ये परवडेल का?

पाथर्डीफाटा_भाडेकरू

मंडळी, सल्ला हवाय. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी चौथीत. पाथर्डी फाट्याला वन बीएचके, भाड्याने. अकरा महिने झाले की करार नवा आणि भाडं वाढीव, याचा आता वैताग आलाय. फ्लॅट बघायला गेलो की बिल्डर सांगतो तो आकडा एक, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग, सोसायटीचं डिपॉझिट धरून होणारा दुसरा. आमची झेप सगळं मिळून पंचवीस लाखांची, त्यातले पंधरा कर्जाचे.

हल्ली मोबाइल उघडला की कंटेनरची घरं दिसतात. सहा-सात लाखांत ओटा, बेडरूम, संडास-बाथरूम तयार. ट्रेलरवर येतं, क्रेनने उतरवतात, संध्याकाळी राहायला जा. अमेरिकेत म्हणे लोक अशा 'मोबाइल होम'मध्ये आयुष्य काढतात. एक एजंट गिरणारे रोडला दोन गुंठ्यांचा 'फार्म प्लॉट' सात लाखांत दाखवतोय. त्याचं म्हणणं, कंटेनर ठेवला तर ते बांधकाम धरतच नाहीत, एनए म्हणजे बिगरशेती करणं नको, परवानगी नको, खाली चाकं लावली तर कोणी विचारायलाही येणार नाही. चौदा लाखांत सुटतो का मी?

गोदाकाठ

एजंट एवढा छातीठोक बोलत असेल तर त्यालाच सांगा की आधी तू राहून दाखव.

निवृत्त_भाऊसाहेब

सगळी नोकरी तलाठी म्हणून केली मी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, तुमच्या नावावर किंवा घराण्यात शेतजमीन आहे का? नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन तुम्हाला विकत घेताच येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय. दुसरं, दोन गुंठे. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, २०२३ मध्ये खाली आणलं, तरी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५ मध्ये सरकारने तुकड्यांबाबत सवलत दिली ती जुन्या, होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी. एजंट लोक त्या बातमीचं कात्रण दाखवून आजचे नवे तुकडे विकतायत. प्रत्यक्षात काय करतात, तर एका गटात दहा-बारा जणांची नावं सामाईक लावतात, किंवा नोटरी केलेलं साठेखत हातात देतात. सातबाऱ्यावर तुमचा तुकडा कुठला हे कुठेच नसतं. एकाने मोजणी मागितली की सगळे कोर्टात.

आता चाकांची गोष्ट. महसूल कायदा विटा-सिमेंट बघत नाही, जमिनीचा वापर बघतो. शेतजमिनीवर तुम्ही कायम राहायला लागलात की तो बिगरशेती वापर. मग वर आरसीसी असो, पत्रा असो की टायर असोत. विनापरवाना बिगरशेती वापराला कलम ४५ खाली दंड आहे आणि जागा मूळ वापरात आणायचा आदेशही आहे. शेतघर बांधता येतं, पण ते शेती करणाऱ्यासाठी आणि किमान ०.४ हेक्टरला, म्हणजे ४० गुंठ्यांना. तुमचे दोन.

सात लाख घरात ठेवा.

पाथर्डीफाटा_भाडेकरू

भाऊसाहेब, सातबारा माझ्या वडिलांच्या नावावर आहे, येवला तालुक्यात. त्यामुळे शेतकरी दाखला निघेल. पण बाकीचं वाचून पोटात गोळा आला. विसार दिलेला नाही अजून, एवढं बरं.

अंबड_फॅब्रिकेशन

मी हीच कामं करतो, म्हणजे साइट ऑफिस, सिक्युरिटी केबिन, लेबर कॅम्प, आता रिसॉर्टवाल्यांच्या रूम. गिऱ्हाईक तोडायचं नाही, पण व्हिडिओत सांगत नाहीत ते सांगतो.

आधी कंटेनर आणि पोर्टा केबिन हे वेगळं. जहाजाचा जुना कंटेनर कॉर्टेन स्टीलचा, २० फुटी म्हणजे २० बाय ८, बाहेरून मोजला तर १६० चौरस फूट. ४० फुटी ३२०. रिकामा २० फुटीच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. साध्या कंटेनरची आतली उंची पावणेआठ-आठ फूट, त्यात खाली फ्लोअरिंग, वर इन्सुलेशन आणि सीलिंग केलं की पंख्याला हात लागतो. घरासाठी हाय क्यूब, म्हणजे बाहेरून साडेनऊ फूट उंचीचा घ्यावा लागतो. शिवाय जुन्या कंटेनरच्या प्लायवूडला किडीसाठी औषध मारलेलं असतं, ते फ्लोअर काढलेलं बरं. आणि दारं-खिडक्यांसाठी बाजू कापली की कंटेनरची ताकद जाते, तिथे चौकटीला पाइप मारून परत ताकद द्यावी लागते. हे न करता देणारे पुष्कळ आहेत.

पोर्टा केबिन म्हणजे एमएसची (साध्या लोखंडाची) फ्रेम आणि बाहेरून कलर कोटेड पत्रा, आतून बोर्ड, किंवा सरळ पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. हवा तो आकार. मात्र रस्त्यावरून न्यायचं तर रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवा, म्हणजे साडेआठ फूट. त्याहून रुंद म्हणजे ओव्हर डायमेन्शन माल, त्याची परवानगी वेगळी.

पैशाचं: तुम्हाला सांगतात तो डब्याचा दर. वर १८ टक्के जीएसटी. मग ट्रेलर, हायड्रा क्रेन, खालचे पेडेस्टल (टेकायला काँक्रीटचे छोटे खांब), सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, बोअर नाहीतर नळजोडणी, मीटर, अर्थिंग. डब्याच्या किमतीवर आणखी निम्मे धरून चला, मग रडायची वेळ येत नाही.

निफाडचा_द्राक्षवाला

आमच्याकडे दोन केबिन आहेत मजुरांसाठी. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं येतात, पूर्वी बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाचं पाल ठोकून राहायची. एका सीझनला अवकाळीत सगळं भिजलं आणि पोरं आजारी पडली, तेव्हा केबिन आणल्या.

अनुभव सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी दुपारी आत बसवत नाही. पंखा गरम हवाच फिरवतो. पहिल्या केबिनला स्वस्तात थर्माकोल भरून घेतला होता, दुसरीला ५० मिमीचं पफ पॅनल. दोन्हींत फरक जमीन-अस्मानाचा, पण पफवालीसुद्धा दुपारी चारला तापतेच. शेवटी दोन्हींवर वेगळ्या खांबांवर पत्र्याचं दुसरं छत टाकलं, मध्ये दीड फूट मोकळं. तेव्हा राहण्यालायक झालं. थंडीत उलटं. आमच्या निफाडला पारा पाचच्या खाली जातो, त्या रात्री आत माणसं झोपली की पहाटे छताला आतून घाम सुटतो आणि अंथरुणावर टिपकतो. खिडकी थोडी उघडी ठेवायची हे त्यावरचं औषध, पण त्या गारठ्यात कोण ठेवतो?

आणि पाऊस. पत्र्यावर वळवाचा पाऊस पडताना फोनवर बोलता येत नाही. तुमची मिसेस शिकवण्या घेते म्हणता, म्हणून सांगितलं.

मिस्त्रीकाका

मी साधा गवंडी माणूस. प्रश्न एकच. ३२० फुटांच्या डब्याला सगळं धरून जेवढे लागतात तेवढ्यात विटांच्या भिंती, वर पत्रा आणि खाली कोबा अशा दोन खोल्या आरामात होतात. शंभर फूट जास्तच निघतील. भिंत रात्री गार होते, खिळा ठोकता येतो, पुढेमागे स्लॅब टाकता येतो. डबा कशाला?

अंबड_फॅब्रिकेशन

काका, दोन गोष्टींसाठी. वेळ आणि उचलून नेता येणं. ह्या दोन्हींची गरज नसेल तर तुमचं बरोबर आहे, मी स्वतः विटांच्या घरात राहतो. :)

ह्यूस्टनहून_नाशिककर

मूळचा कॉलेज रोडचा, बरीच वर्षं टेक्ससमध्ये. 'अमेरिकेत लोक राहतात' हे वाक्य वर आलं म्हणून लिहितो.

राहतात, दोन कोटींच्या आसपास माणसं. इथे त्याला कायद्यात मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. १५ जून १९७६ पासून केंद्र सरकारचा एक संपूर्ण देशाला लागू असलेला कोड आहे, घर कारखान्यात तयार होतं, खाली कायमची लोखंडी चासी असते आणि प्रत्येक भागावर तपासणीची लाल पट्टी. जमीन वगळली तर चौरस फुटाचा खर्च जागेवर बांधलेल्या घराच्या साधारण निम्मा. गरीब आणि निवृत्त लोकांना याचा आधार आहे, यात वाद नाही.

मात्र नावात 'मोबाइल' असलं तरी बहुतेक घरं एकदा ठेवली की परत हलत नाहीत. हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर रस्त्यात खिळखिळं होतं. आता खरी मेख. पुष्कळ लोकांचं घर स्वतःचं, पण खालची जागा पार्कच्या मालकाची, तिचं महिन्याला भाडं. गेल्या काही वर्षांत मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी अशी पार्क विकत घेतली आणि भाडी वाढवली. घरमालक जाणार कुठे? घर उचलायला पैसे नाहीत, उचललं तर ठेवायला जागा नाही. भाडं थकलं की घर तिथेच सोडून जातात. कर्जाचंही तसंच. जमीन स्वतःची नसेल तर बँक त्याला घर न मानता गाडीसारखी वस्तू मानते, व्याज जास्त, मुदत कमी. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८० च्या दशकापासून रहिवाशांनी सहकारी संस्था काढून पार्कच विकत घ्यायला सुरुवात केली, तिथे लोक सुखी आहेत. म्हणजे शेवटी त्यांनाही जमीनच घ्यावी लागली.

गोदाकाठ

सहकारी संस्था काढून जमीन घ्यायची आयडिया आपल्याकडे फार जुनी आहे. नंतर पन्नास सभासद आणि एकावन्न भांडणं.

आर्किटेक्ट_गंगापूररोड

भाऊसाहेबांनी शेतजमिनीचं सांगितलं, मी शहर हद्दीचं सांगते. २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत कंटेनर हा काही पळवाटेचा शब्द नाही. राहण्यासाठी ठेवलेली रचना म्हणजे विकास, त्याला परवानगी लागते. तात्पुरत्या बांधकामाला मुदतीची परवानगी असते, पण ती साइट ऑफिस, मंडप, साठवणूक अशा गोष्टींसाठी, संसारासाठी नव्हे. कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभं राहतं ते याच अर्थाने तात्पुरतं, मेळा संपला की मैदान मोकळं.

चांगली बाजूही आहे. मंजूर ले-आउटमधला स्वतःचा बिगरशेती प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरतात. अशा प्लॉटवर स्टीलचं, पॅनलचं घर जरूर करा, पक्क्या पायावर बसवा, रीतसर नोंदवा. पण म्हसरूळ-आडगावकडेही असा प्लॉट आज किती लाखांना आहे ते बघितलं की कळेल, बचत डब्यात होते आणि पैसा जमिनीत जातो.

अजून दोन गैरसमज. महावितरणचं मीटर मिळालं म्हणजे घर कायदेशीर झालं असं नाही, त्यांना जागेच्या ताब्याचा पुरावा पुरतो. घरपट्टी लागली म्हणजेही नाही, महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्ती.

आणि गोदावरी-नासर्डीच्या काठाची 'स्वस्त' जागा कोणी दाखवली तर आधी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. २००८ च्या पुरानंतर ह्या रेषा आखल्या, २०१६ आणि २०१९ ला पाणी परत रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवून गेलं. डबा तरंगतो, पण बांधलेला नसेल तर रामकुंडावरून पुढे जाईल.

कारवां_प्रेमी

चाकांवरचं म्हणजे खरंखुरं कारवां चालेल का? महाराष्ट्राचं त्यासाठी धोरण आहे ना?

आर्किटेक्ट_गंगापूररोड

२०२१ चं कारवां पर्यटन धोरण आहे, त्यातलं पर्यटन लक्षात घ्या. गाडी आरटीओकडे नोंदवायची, कारवां पार्कला लावायची, दोन दिवस राहून निघायचं. मुलीच्या शाळेच्या प्रवेशाला पत्ता म्हणून गाडीचा नंबर देणार का?

बँकेतला_माणूस

पंधरा लाखांच्या कर्जाचं वर म्हणालात म्हणून लिहितो. गृहकर्ज स्थावर मालमत्तेवर मिळतं. केबिन जमिनीशी कायम जोडलेली नाही, जमीन तुमची नाही, तर आमच्या दृष्टीने ते जंगम. पर्सनल लोन घ्यावं लागेल, व्याज किती ते तुम्हाला माहीत आहे, मुदत पाच वर्षांच्या आसपास. पंधरा लाख वीस वर्षांत फेडणं आणि सात लाख पाच वर्षांत फेडणं, हप्ता मांडून बघा, दुसराच जड जातो.

तुमचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसेल तर पंतप्रधान आवास शहरी २.० मधली व्याज सवलत बघा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, सवलत जास्तीत जास्त १.८० लाख, हप्त्याहप्त्याने कर्जखात्यात येते. आणि म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या लॉटरीवर डोळा ठेवा. ४००० चौरस मीटर आणि वरच्या प्रकल्पांत बिल्डरला २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती घरं म्हाडाकडे वेळेवर येत नाहीत यावरून विधिमंडळापर्यंत ओरड झाली, पण येतात तेव्हा बाजारापेक्षा स्वस्त असतात आणि गंगापूर रोड, पाथर्डी अशा भागांतही असतात.

सिडकोवाला

आमच्या वडिलांनी सिडकोच्या स्कीममध्ये घर घेतलं तेव्हा नातेवाईक हसले होते, काडेपेटी घेतली म्हणून. शहराबाहेर, रस्ते नाहीत, पाणी नाही. पण जमीन सरकारी संस्थेने घेतली, आखली आणि लीजवर दिली, म्हणून कारखान्यातल्या कामगाराला घर झालं. आज नाशिकला कोणी डब्याची नाही, अशा आखलेल्या जमिनीची सोय करायला हवी. पण त्यात कोणाला रस नाही, कारण तिथे एजंटाला काही मिळत नाही.

पाथर्डीफाटा_भाडेकरू

सगळ्यांचे आभार. गिरणारेचा विषय संपला, एजंटाचा नंबर ब्लॉक केला.

पण एक वेगळीच गोष्ट निघाली. हा धागा बायकोने वाचला आणि म्हणाली, आमच्या पांढुर्लीच्या परसाचं काय? सासऱ्यांचं गावठाणात जुनं घर आहे, मागे साधारण तीन गुंठे परसू, चिंचेचं झाड आणि गोठा पडलेला. सासरे म्हणतात, या राहायला. भगूरमार्गे अंबड रोज जाऊन-येऊन जमेल, कंपनीतले दोघं तिकडून येतातच. सासऱ्यांना एक मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, पुण्याला असतो. अशा जागेत केबिन ठेवली तर?

निवृत्त_भाऊसाहेब

हे शहाण्यासारखं बोललात. गावठाणात बिगरशेतीचा प्रश्न येत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली असेल, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. परसू त्याच मिळकतीत आहे की मागच्या गट नंबरात, हे आधी बघा. पुष्कळदा घर गावठाणात आणि गोठा शेतात असतो. गाव एनएमआरडीएच्या (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे का तेही विचारा, तसं असेल तर परवानगी तिथून, ग्रामपंचायतीतून नाही.

सौ_माई

कायद्याचं सगळं झालं, आता घरातलं बोलते. राग मानू नका.

सासऱ्यांच्या जागेत जावयाने विटांचं घर बांधलं की पहिली पाच वर्षं कौतुक, मग वाटणीचा दिवस येतो. मेहुणा आज पुण्याला आहे, उद्या त्याची बायको म्हणेल परसू आमचं. तुमचं घर पाडता येत नाही, विकता येत नाही, आणि हिस्सा मागायला तुमची मिसेसच सख्ख्या भावासमोर उभी. कायद्याने मुलीचा हक्क आहे हो, पण तो मागितला की माहेर तुटतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या बाबतीत उचलता येणारं घर मला पहिल्यांदाच शहाणपणाचं वाटतंय. नाही पटलं तर घेऊन निघालात, जमीन त्यांची त्यांच्याकडे.

ह्यूस्टनहून_नाशिककर

माई, मुद्दा लाखमोलाचा. फक्त दुसरी बाजू: जे उचलून नेता येतं ते 'उचला' असंही सांगता येतं. पक्कं घर पाडा म्हणायला माणूस धजत नाही, केबिनला सहज म्हणेल. आमच्या इथल्या पार्कवाल्यांचं दुखणं हेच.

सौ_माई

म्हणूनच कागद करा. आणि मेहुण्याला फोन सासऱ्यांनी नाही, तुम्ही करा.

निवृत्त_भाऊसाहेब

बरोबर. जागा वापरायला दिल्याचा रीतसर करार, त्यात किती वर्षं, केबिन कोणाच्या मालकीची, सोडताना नेण्याचा हक्क, आणि किती महिन्यांची नोटीस. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. सासऱ्यांबरोबर मेहुण्याचीही संमती-सही घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून गप्प बसू नका.

पाथर्डीफाटा_भाडेकरू

मेहुण्याशी बोललो. तो आधी हसला, मग म्हणाला ठेव, फक्त चिंच तोडायची नाही. करारावर सही करतो म्हणतो. सासूबाईंना शंका एकच, डब्यात देव कुठे ठेवणार.

आमचा हिशोब असा: ४० फुटीऐवजी २० फुटी दोन, मध्ये पडवी. सासऱ्यांचं जुनं संडास-बाथरूम दुरुस्त करून वापरायचं. कर्ज न काढता साठवलेल्या दहा लाखांतच बसवायचं. म्हाडाचा अर्जही भरणार, लागली लॉटरी तर एक केबिन विकून टाकू. फॅब्रिकेशनवाले भाऊ, तयारी काय करायची?

अंबड_फॅब्रिकेशन

दोन २० फुटी हे चांगलं केलंत, गल्लीत ४० फुटी वळत नाही.

जमीन काळी असेल तर पेडेस्टल वरवर ठेवू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर्षभरात दारं लागेनाशी होतात. मुरूम लागेपर्यंत खोदा, प्रत्येक कोपऱ्याला एक आणि लांब बाजूला मधोमध एकेक, जमिनीपासून दीड फूट वर. त्यात होल्डिंग बोल्ट आधीच सोडा, वादळात रिकामी केबिन सरकते. खाली मोकळं राहिलं तर गंज कळतो, फक्त कुत्री-कोंबड्या शिरू नयेत म्हणून जाळी मारा. सेप्टिकचा शोषखड्डाही काळ्या मातीत पाणी पीत नाही, तोही मुरमात उतरवा.

अर्थिंगला कंजूषी करू नका. लोखंडाचं घर आहे, एक वायर खरचटली की सगळी भिंत जिवंत. दोन्ही केबिनला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लागलाच पाहिजे. ट्यूशनची मुलं येणार आहेत ना.

द्राक्षवाल्यांनी सांगितलेलं दुसरं छत पडवीसकट एकदमच करून घ्या, नंतर केलं तर दुप्पट जातं. चिंचेची सावली मिळाली तर उत्तम, पण केबिन थेट खाली नको, पालापाचोळा साठून पन्हळ गंजते.

देवघराला पूर्वेची बाजू रिकामी ठेवतो, तिथे आतून प्लायची पट्टी मारून देईन म्हणजे स्क्रू धरेल. आता मला दोन फोटो पाठवा, गल्लीच्या तोंडाचा आणि तिथे वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा. ट्रेलरवर चढवली की केबिन चौदा फुटांपर्यंत जाते आणि हायड्राचा बूम त्याच्याही वर. तारा खाली असतील तर महावितरणला अर्ज करून दोन तास लाइन बंद घ्यावी लागेल.

पाथर्डीफाटा_भाडेकरू

रविवारी पांढुर्लीला जातोय, फोटो टाकतो. तारा खालीच आहेत असं बायको म्हणते.